बोली तज्ज्ञांची, ज्ञान समाजाचे

जून २०२५ मध्ये फेसबुकची मालकी असलेल्या मेटा या अमेरिकन कंपनीने स्केल एआय नावाच्या कंपनीतील ४९ टक्के हिस्सा सुमारे १४.३ अब्ज डॉलर मोजून घेतला. कागदोपत्री हा व्यवहार समभागांचा होता. वस्तुतः त्या कंपनीचे अठ्ठावीस वर्षांचे प्रमुख अलेक्झांडर वांग आणि त्यांचे निवडक सहकारी यांना आपल्याकडे आणण्यासाठी मोजलेली ती किंमत होती. याच सुमारास, आपल्या संशोधकांना फोडण्यासाठी मेटाने दहा कोटी डॉलरपर्यंतच्या रकमा देऊ केल्याचे ओपनएआय या प्रतिस्पर्धी कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीरपणे सांगितले. भारतीय चलनात मांडल्यास स्केल एआयचा व्यवहार सुमारे सव्वा लाख कोटी रुपयांच्या घरात जातो. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक राष्ट्रीय कार्यक्रमाची पाच वर्षांची एकूण तरतूद १०,३७२ कोटी रुपये आहे. एका राष्ट्राने पाच वर्षांसाठी जे बाजूला काढले, त्याच्या जवळजवळ बारापट रक्कम एका कंपनीने एका व्यवहारात खर्ची घातली.

जुन्नर-आंबेगावसारख्या भागात ही बातमी दोन निरनिराळ्या रूपांनी पोचते. मुलाला अभियांत्रिकीला घालण्याच्या विवंचनेत असलेल्या बागायतदार किंवा नोकरदार कुटुंबाला ती बुद्धीच्या विजयाची कथा वाटते. कर्ज काढून का होईना, मुलाला याच शाखेत घालावे, असे त्याला वाटू लागते. उलट, डोंगरपट्ट्यात हिरडा वेचणाऱ्या आदिवासीला अथवा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलणाऱ्या हमालाला या बातमीशी आपला काही संबंध आहे असे वाटतच नाही. दोन्ही समज अपुरे आहेत. ही बोली नेमकी कशावर लागते, तिचे पैसे कोठून येतात आणि तिच्यात अखेर कोणाचे काय विकले जाते, याचा उलगडा केल्याशिवाय या प्रश्नाकडे श्रमिकांच्या बाजूने पाहता येणार नाही.

बोली का लागते?

पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्राचे उत्तर तयार आहे. मागणी फार, पुरवठा थोडा, म्हणून किंमत चढी. हे उत्तर खोटे नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. संगणक शाखेचे पदवीधर आपल्या देशात थोडे नाहीत. मोठ्या भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांत नवोदित अभियंत्याला दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला साडेतीन लाख रुपयांच्या आसपास मिळत असत. आजही प्रारंभीचे वेतन बहुतांशी तेवढेच आहे. मधल्या काळातील महागाई जमेस धरली तर ते निम्म्याच्या जवळ आले आहे. तेव्हा एकाच क्षेत्रात एका टोकाला वेतन गोठते आणि दुसऱ्या टोकाला ते आभाळाला भिडते, याचे कारण केवळ टंचाईत सापडणार नाही.

कारण भांडवलाच्या केंद्रीकरणात आहे. मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, ॲमेझॉन आणि मेटा या चार कंपन्यांनी मिळून २०२५ या एका वर्षात तीनशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम भांडवली खर्चात घातली. तिचा फार मोठा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या संगणक-केंद्रांवर आणि यंत्रांवर गेला. एवढी यंत्रसामग्री उभी केल्यावर ती कशी चालवायची हे जाणणारी माणसे जगात काही शेकड्यांत असतील, तर त्या माणसांवर कंपन्या वाटेल तेवढा पैसा टाकतील हे उघड आहे.

साखर कारखान्याचे उदाहरण या दोन तालुक्यांतील वाचकांना परिचयाचे आहे. निवृत्तीनगरचा विघ्नहर असो की दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, कारखान्यात पॅनमनला मान असतो. उकळत्या पाकात दाणा केव्हा धरला हे त्याने अचूक ओळखले नाही, तर शेकडो टन उसातली साखर मळीत जाते. त्याच्या कसबाची किंमत त्याच्या हातांवरून ठरत नाही. त्या हातांखाली किती मोठा कारखाना आहे यावरून ठरते. हाच पॅनमन गुऱ्हाळावर गेला तर त्याचे कसब तेवढेच राहील, मजुरी मात्र गुऱ्हाळाच्या मापाची होईल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तज्ज्ञाला मिळणारे कोट्यवधी डॉलर हे असेच त्याच्या मागे उभ्या असलेल्या भांडवलाच्या आकाराचे माप आहे. मक्तेदारीतून मिळणाऱ्या, किंवा पुढे मिळेल अशी आशा असलेल्या, अतिरिक्त नफ्यातील तो एक वाटा आहे.

बोली कशावर लागते?

या स्पर्धेचा आरंभ बहुधा डिसेंबर २०१२ मधल्या एका लिलावापासून धरला जातो. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी एक छोटी कंपनी काढली. तिच्याजवळ ना कारखाना होता, ना विकायला माल. होती ती तीन माणसे. गूगल, मायक्रोसॉफ्ट, चीनची बायदू आणि ब्रिटनची डीपमाइंड यांनी तिच्यावर बोली लावली आणि ४४ दशलक्ष डॉलरला गूगलने ती घेतली. हिंटन यांना पुढे २०२४ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु त्या तिघांची एवढी किंमत ज्या यशामुळे झाली, त्या यशाची घडण पाहिली पाहिजे. त्यांच्या कार्यक्रमाने त्याच वर्षी इमेजनेट नावाच्या चित्रसंग्रहावरील स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली होती. सुमारे १ कोटी ४० लाख चित्रांचा हा संग्रह. प्रत्येक चित्रात काय आहे याची नोंद माणसांनी केली. ते काम १६७ देशांतील सुमारे ४९,००० माणसांनी ॲमेझॉनच्या एका व्यवस्थेमार्फत नगावर मजुरी घेऊन पार पाडले. स्वतः ती चित्रे जगभरच्या सामान्य लोकांनी काढलेली होती. मज्जातंतूंच्या जाळ्याच्या धर्तीवर गणन करण्याची मूळ कल्पना अनेक दशके विद्यापीठांतून, मुख्यतः सार्वजनिक पैशावर, तग धरून राहिली होती. ज्या काळात कोणत्याही कंपनीला तिच्यात नफा दिसत नव्हता, त्या काळात कॅनडाच्या सार्वजनिक संशोधन-निधीने तिला आधार दिला. लिलावाच्या मेजावर तीन माणसे होती. त्यांच्या मागे एक देश, कित्येक विद्यापीठे आणि ४९,००० मजूर उभे होते. पैसे मात्र मेजावरच्यांनाच मिळाले.

स्केल एआयच्या व्यवहारात हेच चित्र अधिक उघडे पडते. ही कंपनी ज्या धंद्यावर मोठी झाली तो धंदा म्हणजे यंत्राला शिकवण्यासाठी लागणारी सामग्री माणसांकडून तयार करून घेणे: छायाचित्रातील वाहनाभोवती चौकट आखणे, उत्तर बरोबर की चूक ते ठरवणे, लिहिलेले वाक्य तपासणे. हे काम केनिया, फिलिपिन्ससारख्या देशांतील हजारो लोक तुकड्यातुकड्याने करीत आले. ओपनएआयसाठी केनियात हिंस्र आणि बीभत्स मजकूर वाचून त्यावर खुणा करणाऱ्या कामगारांना ताशी दोन डॉलरहूनही कमी मिळत होते, ही गोष्ट जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने उजेडात आणली. या क्षेत्रातील एवढी मोठी बोली अशा तुकडा-मजुरीवर उभ्या राहिलेल्या धंद्याच्या प्रमुखावर लागावी, हा योगायोग मानता येणार नाही. वरची कोट्यवधींची रक्कम आणि खालची ताशी दीड-दोन डॉलरची मजुरी ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत.

उचल: वरची आणि खालची

कामाआधी पैसे देऊन माणूस बांधून घेण्याची पद्धत या दोन तालुक्यांना नवी नाही. गळीत हंगाम सुरू होण्याआधी बीड, अहिल्यानगरकडील ऊसतोड मजुरांना मुकादम उचल देतो. ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते, आणि फिटेपर्यंत तो कोयता मुकादमाचा असतो. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावात फडमालक हंगामापूर्वी कलावंतांना उचल देतात. त्यासाठी स्वतः सावकाराचे कर्ज काढतात आणि जत्रांच्या सुपाऱ्यांवर ते फेडण्याची आशा धरतात. नावाजलेल्या कलावंतासाठी फडाफडांत चढाओढ लागते, मागच्या रांगेतल्या कलावंताला मात्र मिळेल त्यावर राबावे लागते. ज्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांचीही अखेरची वर्षे विवंचनेतच गेली आणि २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्या नावावर बोली लागते त्यांच्याही हाती हंगाम संपल्यावर काय उरते, याची ही साक्ष आहे.

अमेरिकन कंपन्या तज्ज्ञाला रुजू होताना जी घसघशीत रक्कम देतात, तीही एक उचलच होय. वेतनाचा मोठा भाग समभागांच्या रूपाने असतो, आणि ते समभाग हप्त्याहप्त्याने, बहुधा चार वर्षांत, पदरी पडतात. मधेच सोडून गेल्यास उरलेले हप्ते बुडतात. फरक आहे तो अर्थातच अफाट. ऊसतोड मजुराला उचल घ्यावी लागते ती पावसाळ्यात घरात धान्य नसते म्हणून. तज्ज्ञाला ती दिली जाते तो प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये म्हणून. एकाची उचल त्याच्या असहायतेतून येते, दुसऱ्याची त्याच्या दुर्मीळतेतून. तथापि दोन्ही ठिकाणी पैसा देणाऱ्याचा हेतू एकच: दुसऱ्याचे श्रम काही काळापुरते आपल्या एकट्याच्या ताब्यात ठेवणे.

तज्ज्ञ हाही नोकरच

यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की हे तज्ज्ञ म्हणजे भांडवलदार वर्गाचाच भाग. त्यांच्याशी श्रमिक चळवळीला कर्तव्य नाही. हा निष्कर्ष उतावळा आहे. स्पर्धा मालकांना परवडेनाशी झाली की ते ती बंद करतात, याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे. एकमेकांची माणसे फोडायची नाहीत असा गुप्त समझोता ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी आदी कंपन्यांनी करून ठेवला होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१० मध्ये तो मोडायला लावला. पुढे सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या वतीने चाललेल्या दाव्यात या चार कंपन्यांना ४१५ दशलक्ष डॉलर भरपाई द्यावी लागली; २०१५ मध्ये न्यायालयाने त्या तडजोडीला मान्यता दिली. खुल्या बाजाराचे गुणगान करणाऱ्यांनी श्रमाचा बाजार मात्र चोरून बंद ठेवला होता. गुणी अभियंताही मालकापुढे एकटा पडला की मजूरच ठरतो, हे या खटल्याने दाखवले.

बोलीनंतर काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. प्रमुखाला मेटाने उचलल्यानंतर महिनाभरातच, जुलै २०२५ मध्ये, स्केल एआयने आपले २०० कर्मचारी कमी केले. ज्या विभागासाठी मेटाने एवढी माणसे गोळा केली, त्याच विभागातील सुमारे ६०० जणांना तिने ऑक्टोबर २०२५ मध्ये घरी पाठवले. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास, नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. हिंजवडी, खराडीत नोकरी करणारी जुन्नर-आंबेगावची तरुण मुले बोली लागणाऱ्यांत मोडत नाहीत; ती कपात होणाऱ्यांत मोडतात. घराघरांतून सांगितली जाते ती कथा मात्र पहिल्या वर्गाची असते.

खोडदचा धडा

मग तज्ज्ञांना गोळा करण्याचा याहून वेगळा मार्ग आहे की नाही? तो आहे, आणि त्याची खूण जुन्नर तालुक्यातच उभी आहे. खोडदच्या परिसरातील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकून तरी ठाऊक असतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या या ३० तबकड्यांपैकी १४ खोडदनजीक एकत्र आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. मीटर लांबीच्या लहरींवर काम करणाऱ्या जगातील अग्रगण्य दुर्बिणींत तिची गणना होते.

ही दुर्बीण ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली ते गोविंद स्वरूप हे १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. त्यांनी आणि परदेशात असलेल्या आणखी तीन भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी भारतातील प्रमुख वैज्ञानिकांना व संस्थांना पत्रे लिहिली: आम्ही एकत्र परत येऊ इच्छितो, रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारता येईल काय? टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांनी काही महिन्यांतच होकार दिला. स्वरूप १९६३ साली परतले. १९६५ साली कल्याणला ३२ लहान तबकड्यांची पहिली रचना उभी राहिली, १९७० साली उटीची दुर्बीण झाली, १९८७ साली खोडदच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. पोलादाच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांवर ताणून हलकी आणि स्वस्त तबकडी करण्याची युक्ती याच गटाची. तबकड्या फिरवणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने दिली.

या माणसांना स्टॅनफर्डच्या तोडीचा पगार देऊन आणलेले नव्हते. तसा तो देणे देशाला शक्यही नव्हते. त्यांना मिळाले ते काम, त्या कामाचे स्वातंत्र्य, दीर्घ मुदतीचा भरवसा आणि मोठी साधने उभारण्याची संधी. ते जे ज्ञान निर्माण करीत ते कोणा एका कंपनीचे होणार नव्हते. आज खोडदच्या दुर्बिणीवर जगभरचे शास्त्रज्ञ गुणवत्तेच्या आधारे निरीक्षणासाठी वेळ मागतात. तो विकत घ्यावा लागत नाही.

या ज्ञानाची किंमत समाजानेही भरली आहे, हे विसरता कामा नये. आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरी ऐकू याव्यात म्हणून परिसरात कृत्रिम लहरींचा गोंगाट मर्यादित ठेवावा लागतो. त्यासाठी या भागातील उद्योगांवर बंधने आली आणि पुणे-नाशिक रेल्वेच्या नारायणगावमार्गे आखणीलाही याच कारणाने अडथळा निर्माण झाला. विज्ञानासाठी खोडद-नारायणगावच्या लोकांनी हा भार उचलला, तर त्या विज्ञानातून तयार होणाऱ्या माणसांवर आणि ज्ञानावर त्यांचाही काही हक्क लागतो. प्रचंड प्रमाणावर येणारे संकेत गाळून त्यांतून अर्थ काढण्याचे जे शिक्षण अशा संस्थांत मिळते, त्याला खासगी कंपन्यांत आज मोठी मागणी आहे. सार्वजनिक पैशाने घडलेला संशोधक कंपनीत गेला म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु कंपनी त्या घडणीचा एक पैसाही भरीत नाही, हे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतही हेच झाले: २०१५ साली उबर कंपनीने कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या यंत्रमानव केंद्रातून सुमारे ४० माणसे एका फटक्यात नेली. विहीर समाजाने खणायची आणि मोट दुसऱ्याने लावायची, असा हा व्यवहार आहे.

दोन तालुक्यांपुढील प्रश्न

आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या, आदिवासीच्या मुलाला परवडेल अशा शुल्कात उच्च तांत्रिक शिक्षण देणारी अशी संस्था ग्रामीण भागात असणे, ही मोठी गोष्ट आहे. परंतु राज्यभरातील शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर काम भागवले जाते. ज्या विषयाचा जाणकार बाजारात सोन्याच्या भावाने विकला जातो, तो विषय शिकवणाऱ्याला तासावर मजुरी देणारे शासन त्या विषयातील प्रगतीच्या घोषणा कोणत्या तोंडाने करते? शासकीय संस्था कमकुवत झाली की विद्यार्थी खासगी महाविद्यालयाकडे आणि खासगी वर्गांकडे वळतो, बाप जमिनीवर बोजा चढवतो, आणि चार वर्षांनी त्या मुलाच्या हातात साडेतीन लाखांची नोकरी पडते किंवा तीही पडत नाही. बोलीची कथा या कर्जाची जाहिरात करते.

दुसरा प्रश्न शेतीचा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झाला. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठीचे कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. पाणी वाचत असेल आणि उतारा वाढत असेल तर या तंत्राचे स्वागतच केले पाहिजे. मात्र शेतातील ओलावा, खताची मात्रा, पिकाची वाढ यांच्या ज्या नोंदी रोज गोळा होतील त्या कोणाच्या? आज त्या फुकट द्यायच्या आणि उद्या त्यांवरून तयार झालेला सल्ला वर्गणी भरून विकत घ्यायचा, असे झाले तर शेतकऱ्याचे स्थान इमेजनेटच्या त्या ४९,००० मजुरांहूनही खाली जाईल. त्यांना नगावर का होईना, मजुरी मिळाली होती.

तिसरा प्रश्न जिवाचा. जुन्नर वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यांनी माणसे मेली आहेत. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या वस्त्या संध्याकाळनंतर दाराबाहेर पडायला धजत नाहीत. बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारे कॅमेरे आता बसवले जाऊ लागले आहेत. जगातील सर्वांत महाग बुद्धी जाहिरातींवर माणसाचे डोळे अधिक वेळ कसे खिळवावेत या कामाला जुंपली जाते, आणि शाळेतून घरी येणाऱ्या लेकराचा जीव वाचवणारे साधे यंत्र सरकारी निविदेची वाट पाहत राहते. बाजाराच्या हाती बुद्धीचे वाटप सोपवले की समाजाच्या गरजांचा अग्रक्रम कसा उलटा होतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

मागणी काय असावी?

या परिस्थितीत तज्ज्ञांच्या पगारावर मर्यादा घाला एवढीच मागणी करणे अपुरे आहे. पगार कमी केल्याने उरलेला पैसा मालकाच्या खिशात राहील. समाजाकडे तो वळणार नाही. तसेच हे सारे थोतांड आहे, फुगा फुटेल, म्हणून वाट पाहू, ही भूमिकाही निष्क्रियतेची आहे. फुगा फुटलाच तर त्याखाली प्रथम चिरडला जाईल तो नोकरदार आणि तुकड्यावर राबणारा मजूर.

मागणी मालकीची असली पाहिजे. पहिली गोष्ट, शेतीविषयक नोंदींवर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची सामुदायिक मालकी हवी. आपल्या सहकारी साखर कारखान्यांत सभासदाचा अधिकार अनेकदा कागदावरच राहतो हे खरे. पण म्हणूनच हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी उपस्थित केला पाहिजे. नोंदी कोणाला दिल्या, कोणत्या अटींवर दिल्या आणि मोबदला काय ठरला, हे तीन प्रश्न विचारण्यासाठी संगणकशास्त्र यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, यंत्राला शिकवणाऱ्या तुकडा-मजुरीला किमान दर हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा मंचांवरून काम करणाऱ्यांची व्याख्या आली, पण त्यांच्या मजुरीच्या दराचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच राहिला. हा दर अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना पुण्याचेच उदाहरण देता येईल. 'कार्य' या संस्थेने पुण्यातील वस्त्यांमधल्या स्त्रियांकडून मराठी वाचनाचे आवाज नोंदवून घेतले, तेव्हा ताशी सुमारे पाच डॉलरच्या हिशेबाने मोबदला दिला आणि तीच सामग्री पुन्हा विकली गेल्यास त्यातील वाटा देण्याचे तत्त्वही मान्य केले. मराठी भाषा बोलणाऱ्या माणसाच्या जिभेला किंमत आहे, हे एकदा मान्य झाले की तिचा दर ठरवणे ही संघटनेच्या ताकदीची बाब उरते.

तिसरी गोष्ट, सार्वजनिक संस्थांची फेरबांधणी. कायम जागा भरणे, संशोधनाला दीर्घ मुदतीचा निधी देणे, आणि मोठी गणनयंत्रे विद्यापीठांना व शासकीय महाविद्यालयांना सार्वजनिक सोय म्हणून खुली करणे. बोलीत उतरून सरकार कंपन्यांना हरवू शकणार नाही. पण १९६३ साली परतलेल्या माणसाला जे मिळाले ते आजच्या तरुणाला देऊ शकेल. त्याच वेळी, सार्वजनिक संस्थांतून तयार झालेले मनुष्यबळ वापरणाऱ्या कंपन्यांकडून त्या शिक्षणासाठी उपकर घेण्यात गैर काहीच नाही. ऊसतोड मजुरांच्या कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागे कारखान्यांकडून रक्कम घ्यावी हे तत्त्व महाराष्ट्राने मान्य केले आहे. मग माणूस घडवण्याच्या खर्चासाठी तेच तत्त्व संगणक कंपन्यांना का लागू होऊ नये?

कार्यकर्त्यांपुढील काम यातूनच निश्चित होते. अवसरी, ओतूर, बेल्हे, नारायणगाव येथील विद्यार्थ्यांच्या बैठकांत बोलीच्या आकड्यांमागचा हिशेब मांडणे. सुट्टीत गावी येणाऱ्या सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांना त्यांच्या संघटनेची वाट दाखवणे. कारखान्याच्या सभासदांना नोंदींचा प्रश्न समजावून देणे. ही कामे लहान आहेत, पण ती जागच्या जागी होण्यासारखी आहेत.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरण बांधणे चूक होते असे आज कोणी म्हणणार नाही. त्या पाण्याने पूर्वेकडची शेते भिजली. परंतु ज्या आदिवासींची भाताची खाचरे बुडाली, त्यांना पाण्याच्या वाट्यासाठी आणि गाळपेरीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, कारण धरण बांधण्याआधी पाण्याच्या मालकीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ज्ञानाचे नवे धरण आता भरू लागले आहे, आणि त्यात शेतकऱ्याच्या नोंदी, मजुरांच्या खुणा, मराठी माणसाचा आवाज आणि सार्वजनिक विद्यापीठांचे श्रम वाहत येत आहेत. पाणी अडण्यापूर्वीच त्याच्या वाटपाचा करार लिहून घेणे, हे या वेळी संघटित श्रमिकांचे कर्तव्य आहे.